नारुतो गोरा आहे का?

पटकन सांगा, नारुतो कुठल्या वंशाचा? केस पिवळे, डोळे निळे, म्हणजे गोरा? पण नाव तर अस्सल जपानी आणि जीव रामेनवर! केडगावहून सकाळच्या शटलने पुण्याला कॉलेजला जाणाऱ्या आमच्या ग्रुपमध्ये हा वाद निघाला की उरुळी मागे पडली तरी मिटत नाही. तुमच्याही ग्रुपमध्ये एकदा काढून बघा.

आधी केसांचं बघू. बरेच ॲनिमे आधी मांगा असतात आणि मांगा छापला जातो काळ्या-पांढऱ्यात. सगळ्यांचेच केस काळे भरले तर कोण कोणता ते कळणार कसं? म्हणून कुणाचे केस काळे भरायचे, कुणाचे कोरे सोडायचे. पुढे रंग भरताना ते कोरे केस पिवळे, गुलाबी, निळे, काहीही होतात. ‘सेलर मून’मधल्या उसागीचे केस पिवळे आहेत, पण ती टोकियोतली साधी शाळकरी पोरगी आहे. निळ्या केसांची पात्रं बघून ‘हा निळ्या वंशाचा’ असं आपण म्हणत नाही. मग पिवळ्यालाच वंश का चिकटवतो?

मोठ्या डोळ्यांचीही गोष्ट आहे. ओसामू तेझुका यांच्यावर डिस्नेच्या कार्टूनची छाप होती. त्यांच्या चित्रांतले मोठे डोळे पुढच्या चित्रकारांनी उचलले, कारण डोळे मोठे असले की भावना दाखवायला जागा मिळते. जपानीत अशा पात्रांसाठी एक शब्दच आहे, ‘मुकोकुसेकी’. म्हणजे कुठल्याच देशाचं नसलेलं. ‘अटॅक ऑन टायटन’मध्ये मिकासा आशियाई वंशाची आहे हे गोष्टीत सांगावं लागतं. काळे केस सोडले तर चेहऱ्याची ठेवण बाकीच्यांसारखीच.

चेहऱ्यावर ठळक खूण नसली की बघणारा आपल्या मनातला ‘नॉर्मल’ माणूस तिथे बसवतो. जपानी प्रेक्षकाला तो जपानी वाटतो, अमेरिकन प्रेक्षकाला गोरा. इथपर्यंत ठीक. पण आपण तर दोन्ही नाही! मग आपल्याला तो गोरा का वाटतो?

माझं उत्तर बालवाडीतल्या खडूच्या पेटीत आहे. फिकट गुलाबीसर खडूला आपण ‘स्किन कलर’ म्हणायचो. वर्गात एकाचीही स्किन तशी नव्हती. १९६७ पासून निघणाऱ्या ‘अमर चित्र कथा’ची जुनी पुस्तकं घरात असतील तर उघडा. नायक-नायिका बहुतेक उजळ, राक्षस काळसर. ‘छोटा भीम’मधला दांडगट पोरगा कोण? कालिया. नावातच रंग! आणि हे कुठे, तर जिथे दरवर्षी तुकोबांची पालखी यवत-वरवंडला मुक्काम करून सावळ्या विठ्ठलाकडे जाते, त्या तालुक्यात. देव सावळा चालतो, स्थळाच्या जाहिरातीत मात्र मुलगी गोरीच लागते.

आमच्यातल्या एका मैत्रिणीने मुंबईच्या कॉमिक कॉनसाठी मिकासा व्हायचं ठरवलं. जॅकेट स्वतः शिवलं, लाल मफलर आईकडून विणून घेतला. ओळखीचाच एक मुलगा म्हणाला, “भारी! फक्त फाउंडेशन दोन शेड उजळ लाव.” हा पठ्ठ्या स्वतः पिवळा विग घालून नारुतो होणार होता. विग चालतो, निळ्या लेन्स चालतात, कातडीवर मात्र अडतं. तिने फाउंडेशन लावलं. घामाने मानेवरून ओघळलं आणि दिवसभर ती मफलर वर ओढत राहिली.

ॲनिमेवाले सगळे धुतल्या तांदळासारखे आहेत असंही नाही हं. ‘पोकेमॉन’मधली जिंक्स आधी काळ्या चेहऱ्याची आणि जाड ओठांची होती. ही कृष्णवर्णीयांची टिंगल आहे, अशी टीका अमेरिकेत झाल्यावर तिला जांभळं केलं. ‘ड्रॅगन बॉल’च्या मिस्टर पोपोवरही तीच टीका झाली. म्हणजे नायकाला देश नसतो, पण काळ्या माणसाला ‘काळा’ म्हणून काढायची वेळ आली की खुणा एकदम ठळक होतात. मला हे नारुतोच्या केसांपेक्षा जास्त खुपतं. आणि वंशभेद हा परदेशी विषय आहे असं म्हणू नका. केडगावात मुक्ती मिशन उभं करणाऱ्या पंडिता रमाबाईंनी अमेरिकेतल्या काळ्या लोकांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल १८८९ मध्येच मराठीत लिहून ठेवलंय.

आता एक उलटा प्रयोग. युगो साको आणि आपले राम मोहन ज्याच्या दिग्दर्शकांमध्ये होते तो ‘रामायण’ ॲनिमे जानेवारी २०२५ मध्ये आपल्याकडे थिएटरात पुन्हा लागला होता. ॲनिमेच्याच धाटणीचा चेहरा, पण हा राम परदेशी दिसतो असं आमच्यातलं कुणी म्हणालं नाही. नाव माहीत होतं, गोष्ट माहीत होती, म्हणून चेहराही आपला वाटला.

फॅन आर्ट करत असाल तर तुमचं आवडतं पात्र या आठवड्यात तुमच्या स्वतःच्या रंगात काढून बघा. एक टीप: गव्हाळ किंवा सावळ्या रंगाची सावली काढताना काळा किंवा राखाडी मिसळू नका, चेहरा आजारी दिसतो. तांबडा किंवा जांभळा मिसळा. आणि बेस कलर गुगलवरून उचलू नका. खिडकीजवळ बसा, हात पुढे धरा आणि त्यावरून मिसळा.