सूर्यास्तापूर्वीचा केक

गोदावरीच्या तीरावर, चांदोरीच्या समोर वसलेले सायखेडा हे निफाड तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. पिंपळगाव बसवंत बाजार समितीचा उपबाजार येथे आहे आणि कांद्याचा लिलाव हा या परिसराच्या दिनक्रमाचाच भाग होऊन गेला आहे. नाशिक जिल्ह्याच्या या पट्ट्यात कांद्याची आडत सांभाळणारी कित्येक जैन घराणी आहेत. दिवसभर कांद्याची प्रत पारखायची, भाव ठरवायचा, आणि संध्याकाळी ज्या घरी परतायचे त्या घराच्या चुलीवर कांदा कधीच चढू द्यायचा नाही, हा विरोधाभास त्यांना कधी अवघड वाटला नाही. व्यापार कशाचा करावा आणि ताटात काय घ्यावे, यांतील रेषा या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या सहज सांभाळली.

मात्र गेल्या काही वर्षांत एक वस्तू या घरांत आली आणि ती रेषा घराच्या आतूनच गेली. ती वस्तू म्हणजे वाढदिवसाचा केक.

दृश्य परिचयाचे आहे. रात्री आठ-साडेआठला दुकान वाढवून पुरुषमंडळी घरी येतात. पुठ्ठ्याच्या खोक्यातून केक निघतो, मेणबत्त्या लागतात, टाळ्या वाजतात. नात पहिला घास घेऊन आजीकडे धावते आणि आजी हात जोडते. तिचा चौविहार सूर्यास्तालाच झालेला असतो. केक अंड्याविना आहे, असे सून सांगते; पण रात्र झालेली असते. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेला तुकडा पुढे केला, तर तो वासी म्हणून आजीला चालत नाही. अशा रीतीने घरातील सर्वांत आनंदाच्या क्षणी घरातील सर्वांत वडीलधारी व्यक्ती बाजूला राहते. कोणी कोणाला दुखवू इच्छित नाही. तरी दरवर्षी तेच घडते.

हा केक सर्वांच्या ताटात बसू शकेल का? थरांचा चॉकलेट केक आणि त्यात खोबरे व सुकामेवा यांचे सारण, हा प्रकार या प्रश्नाच्या कसोटीसाठी फार योग्य आहे. कारण त्यातील जवळजवळ प्रत्येक घटकावर जैन आहारविचाराने काही ना काही म्हटले आहे.

जर्मनीशी संबंध नसलेला ‘जर्मन’ केक

खोबरे-मेव्याच्या सारणाचा हा केक जगभर ‘जर्मन चॉकलेट केक’ या नावाने ओळखला जातो. परंतु जर्मनी देशाशी त्याचा संबंध नाही. अमेरिकेतील बेकर कंपनीत काम करणाऱ्या सॅम्युएल जर्मन नावाच्या गृहस्थांनी १८५२ मध्ये भट्टीकामासाठी साखर घातलेले गोड चॉकलेट तयार केले. कंपनीने त्यास ‘जर्मन्स’, म्हणजे जर्मन यांचे, असे नाव दिले. विशेष म्हणजे ‘बेकर’ हेही येथे भट्टीवाल्याचे नाव नव्हे, तर संस्थापक जेम्स बेकर यांचे आडनाव होते.

पुढे शंभराहून अधिक वर्षे लोटली. ३ जून १९५७ रोजी टेक्सास राज्यातील डॅलस शहराच्या एका दैनिकात त्या चॉकलेटचा केक प्रसिद्ध झाला. कृती एका स्थानिक गृहिणीची होती. ती इतकी लोकप्रिय झाली की कंपनीने देशभरातील वृत्तपत्रांकडे ती पाठविली. या प्रवासात नावातील षष्ठी गळून पडली, ‘जर्मन यांचे चॉकलेट’ हे ‘जर्मन चॉकलेट’ झाले आणि लोक केकचे मूळ युरोपात शोधू लागले. पेढीच्या नावातील एक अक्षर किती मोलाचे असते, हे व्यापारी वाचकांस निराळे सांगावयास नको.

त्या कृतीतील सारणात पेकन नावाचा मेवा होता. पेकन हा अक्रोडाच्या कुळातील वृक्ष असून तो टेक्सासचा राज्यवृक्ष आहे. म्हणजे हा केक मुळातच आपल्या परिसरात जे पिकते त्यावर उभा राहिला. निफाडच्या स्वयंपाकघरात पेकनच्या जागी अक्रोड आला, तर ते मूळ कृतीच्या वृत्तीला धरूनच होईल.

कोको आणि नारळ यांची जोडीही भारताला परकी नाही. दक्षिणेत नारळाच्या बागांतून, झाडांच्या सावलीत, कोकोचे आंतरपीक घेतले जाते. कर्नाटकातील पुत्तूर येथे कॅम्पको या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचा चॉकलेटचा कारखाना १९८६ पासून उभा आहे. ज्या बागेत खोबरे तयार होते त्याच बागेत कोकोही पिकतो. केकमध्ये ते पुन्हा एकत्र येतात, एवढेच.

हिरव्या चिन्हापुढे

बाजारातील पाकिटावर चौकोनात हिरवा ठिपका दिसला की पुष्कळ घरे निश्चिंत होतात. भारतीय नियमांनुसार अंडे असलेला पदार्थ मांसाहारी गणला जातो, त्यामुळे त्या चिन्हाने अंड्याचा प्रश्न सुटतो. परंतु हिरवे चिन्ह म्हणजे जैन आहार नव्हे. मध, लोणी आणि मद्य यांची गणना मांसासह चार महाविगईंत होते. मध व लोणी यांच्या पाकिटावर हिरवेच चिन्ह असते. व्हॅनिलाचा द्रव अर्क अनेकदा मद्यार्कात उतरविलेला असतो. हिरवे चिन्ह यांपैकी कशाचीच सूचना देत नाही.

परदेशातून नातलगांनी आणलेल्या वस्तूंबाबत अधिक दक्षता हवी, कारण तेथे हे चिन्हही नसते. लाल रंगासाठी वापरला जाणारा १२० क्रमांकाचा रंग कीटकांपासून मिळतो. जिलेटिन हे प्राण्यांच्या हाडांपासून व कातड्यापासून बनते. ४७१ क्रमांकाचा घटक वनस्पतीजन्य असू शकतो, तसाच प्राणिजन्यही. घटकांची यादी वाचणे ही आजच्या काळातील जयणाच होय.

यापुढचा विचार काळाचा आहे. श्वेतांबर परंपरेत दळलेल्या पिठाची मर्यादा सर्वसाधारणपणे हिवाळ्यात ३०, उन्हाळ्यात २० आणि पावसाळ्यात १५ दिवस मानली जाते. दिगंबर परंपरेत ती अनुक्रमे ७, ५ आणि ३ दिवस आहे. दुकानातील मैदा केव्हा दळला, हे सांगणे कठीण. घरच्या चक्कीवर दळून वस्त्रगाळ केलेले गव्हाचे पीठ हा त्यावरील सरळ उपाय. केक किंचित कमी फुगतो, पण चव अधिक खरपूस लागते.

सुकामेव्याचेही ऋतुमान आहे. अनेक श्वेतांबर घरांत फाल्गुन चौमासीपासून कार्तिक चौमासीपर्यंत काजू, खारीक आदी मेवा वर्ज्य असतो. चातुर्मासात खोबऱ्याचा अखंड गोटा त्याच दिवशी फोडला तरच घेतात, अशीही काही घरांची रीत आहे. म्हणून खोबरे-अक्रोडाचा हा केक कार्तिकी पौर्णिमेनंतरच्या थंडीतला. इतर महिन्यांतील वाढदिवसाला मेवा वगळून केवळ ओल्या नारळाचे सारण करता येते. पर्वतिथीला तेही टाळावे. संप्रदायानुसार या रीतींत फरक आहे. आपल्या घरची परंपरा आणि गुरुभगवंतांची आज्ञा हेच अंतिम प्रमाण.

साहित्य

केकसाठी (१८ ते २० सेंटिमीटर व्यासाची दोन भांडी): वस्त्रगाळ गव्हाचे पीठ २५० ग्रॅम, कोको पूड ४० ग्रॅम, पिठीसाखर २२५ ग्रॅम, पातळ केलेले साजूक तूप ११० ग्रॅम, ताजे ताक ३०० मिलिलिटर, गाळलेले कढत पाणी ५० मिलिलिटर, खाण्याचा सोडा १ चहाचा चमचा, बेकिंग पावडर १ चहाचा चमचा, चिमूटभर मीठ.

सारणासाठी: सायीचे दूध १ लिटर, साखर १५० ग्रॅम, साजूक तूप ६० ग्रॅम, मक्याचे पीठ (कॉर्नफ्लोअर) १ मोठा चमचा, सुक्या खोबऱ्याचा कीस १५० ग्रॅम, अक्रोड १०० ग्रॅम, वेलदोड्याची पूड अर्धा चहाचा चमचा.

कृती

सारण आधी, केक नंतर, हा क्रम महत्त्वाचा आहे. मूळ कृतीत सारणाला दाटपणा येतो तो अंड्याच्या पिवळ्या बलकाने. आपल्याकडे दूध आटवून दाट करण्याची विद्या बासुंदी करणाऱ्या प्रत्येक हाताला अवगत आहे. सकाळी नऊच्या सुमारास जाड बुडाच्या कढईत दूध चढवावे. त्यातील दोन मोठे चमचे दूध थंडच बाजूला ठेवावे. कडेची साय खरवडून आत सोडीत, सुमारे ३५० मिलिलिटर उरेपर्यंत दूध आटवावे. मग साखर व तूप घालावे. साखर विरघळली की थंड दुधात कालवलेले मक्याचे पीठ ओतून, मंद आचेवर चमच्याच्या पाठीला लेप बसेपर्यंत ढवळावे.

अक्रोड फोडतानाच प्रत्येक गर उलटून पाहावा. कीड व जाळे आतील घडीत दडते. जुन्या अक्रोडाला खवट वास येतो. एक खवट गर सगळे सारण बिघडवितो, म्हणून शंका आल्यास चाखून पाहावे. गर मंद आचेवर हलके भाजून जाडसर कुटावेत. खोबऱ्याच्या कीसाऐवजी अखंड वाटी आणून घरी किसणे चांगले. तयार कीस पुष्कळदा कोरडा व निःसत्त्व निघतो. कीस पांढराच राहील इतका शेकावा. दोन्ही जिन्नस व वेलदोडा आटीव दुधात मिसळून सारण परातीत पसरावे. निवता निवता ते आणखी घट्ट होते, म्हणून उतरविताना थोडे सैलच असू द्यावे.

आता केक. कोको पूड कढत पाण्यात कालवावी. त्याने तिचा सुगंध खुलतो. पीठ, सोडा, बेकिंग पावडर व मीठ दोनदा चाळावे. ताक कोमट करावे, कढत नव्हे. थंड ताकात तूप थिजून गोळ्या होतात आणि कढत ताक फाटते. तूप, साखर व ताक एकजीव करून त्यात कोको घालावा व शेवटी पीठ मिसळावे. मूळ टेक्सासच्या कृतीतही ताक आणि सोडाच आहे. ताकातील आंबटपणा व सोडा यांच्या संयोगाने वायू निर्माण होतो आणि अंड्यावाचून केक फुगतो. मात्र हा वायू फार वेळ टिकत नाही. म्हणून भांड्यांना तुपाचा हात आधीच लावून ठेवावा, भट्टी १८० अंशांवर आधीच तापवावी आणि मिश्रण होताच ती आत सरकवावीत. ३० ते ३५ मिनिटांनी मध्यभागी खुपसलेली सळई कोरडी निघाली की केक झाला.

भट्टी नसल्यास जाड पातेल्यात मिठाचा थर पसरून, त्यावर तिवई ठेवून, दहा मिनिटे झाकून तापवावे आणि मंद आचेवर सुमारे ४५ मिनिटे भाजावे.

केक पूर्ण निवणे अत्यावश्यक. उबदार केकवर सारण घातले तर तूप सुटते आणि वरचा थर घसरतो. बेकरीत केक रात्रभर शीतपेटीत ठेवून थर रचतात. येथे तो मार्ग नाही, कारण रात्र उलटली की केक वासी झाला. म्हणून केक जाळीवर पालथा घालून पंख्याखाली दीड-दोन तास ठेवावा. नंतर दोन्ही केक आडवे कापून चार थर करावेत आणि प्रत्येक थरावर सारणाचा चौथा हिस्सा पसरावा. वरच्या थरावर सारण उघडेच राहू द्यावे. मूळ केकच्या बाजूही पुष्कळदा मोकळ्याच असतात. लोण्याच्या मुलाम्याची गरज नाही.

घड्याळाचा हिशोब

नाशिक परिसरात डिसेंबरात सूर्यास्त सायंकाळी सहाच्या आसपास होतो. नऊला दूध चढले, अकरापर्यंत सारण झाले, बाराला केक भट्टीबाहेर आला, तर दोन-अडीचला थर रचता येतात आणि साडेचार-पाचला केक कापता येतो. अवघड भाग स्वयंपाकघरात नाहीच. तो दुकानात आहे. वर्षातून एक दिवस पेढीवरच्या मंडळींनी चारला उठून घरी यावयाचे. कांद्याची आवक पाहता हे सोपे नव्हे. परंतु पर्युषणात दुकान लवकर वाढविणाऱ्या घरांना ते अशक्यही नाही.

मेणबत्त्या फुंकण्याची प्रथा अनेक घरांनी सोडली आहे. त्याऐवजी नवकार म्हणून केक कापला जातो. काही घरे त्याच दिवशी मुलाच्या हातून जीवदयेसाठी रक्कम काढून ठेवतात.

या प्रमाणात बारा ते चौदा तुकडे होतात. एकत्र कुटुंबात उरण्याचा प्रश्न सहसा येत नाही. उरलेच, तर शेजारच्या घरी उजेडातच पोहोचवावेत. सहाच्या आत ताटे धुऊन होतात, आजी चौविहाराचे पच्चक्खाण घेते, आणि त्या वर्षी नातीला आजीच्या वाटचा तुकडा परत न्यावा लागत नाही.