गळ, रीळ आणि नफ्याचं गणित

गळाने मासे धरण्याचं सामान विकणाऱ्या दुकानात महागडं रीळ काचेच्या कपाटात मिरवतं, पण टक्केवारीने बघितलं तर त्यावर नफा बहुधा कमीच सुटतो. गिऱ्हाईक त्याच मॉडेलचा भाव मोबाइलवर लगेच ताडून पाहतं. गळ, शिसं, स्विव्हल यांची अशी तुलना क्वचितच होते. दुकान तगतं ते या चिल्लर मालावर.

नफा मोजताना एक गफलत नेहमी होते. समजा, १,००० रुपयांना घेतलेली रॉड १,५०० ला विकली. खरेदीवर वाढ ५० टक्के, पण विक्रीवर नफा ३३ टक्केच. भाडं, वीज, पगार त्यातूनच द्यायचे. आता २० टक्के सूट द्या. किंमत १,२०० होते आणि ५०० चा नफा थेट २०० वर येतो. तेवढीच कमाई करायला अडीचपट रॉड विकाव्या लागतील! छोट्या दुकानात घासाघीस करण्यापूर्वी हा हिशेब आपण जरूर करावा.

त्यात कोकणात पावसाळ्यात समुद्र खवळला की हौशी गळवाले फिरकत नाहीत. खाऱ्या हवेत गळ गंजतात, उन्हातल्या अतिनील किरणांनी नायलॉनची दोरी कमजोर होते. असा माल मग खरेदीच्या भावातही खपत नाही.