पन्हाळ्याचा पाऊस, दोन समुद्रांचं मीठ

पन्हाळ्यावरून समुद्र दिसत नाही, पण गडाची उंची मोजायची ती त्याच्यापासूनच: समुद्रसपाटीपासून सुमारे 3000 फूट. आषाढात तीन दरवाजापाशी उभं राहिलं की अंगावरून धुकं जातं. ते अरबी समुद्रावरून आलेलं, सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आतलं. गंमत पुढेच आहे. इथे पडलेला पाऊस माघारी पश्चिमेला जात नाही. गडाखालच्या ओढ्यांतून तो कासारीला मिळतो, प्रयाग चिखलीजवळ पंचगंगा होतो, नृसिंहवाडीला कृष्णेत शिरतो आणि धरणांनी सोडलं तर आंध्रात हंसलदीवीपाशी बंगालच्या उपसागरात पोचतो. एका समुद्राचं पाणी दुसऱ्याच्या पदरात.

दोघांची चव म्हणूनच वेगळी. अरबी समुद्रात पावसापेक्षा बाष्पीभवन जास्त, म्हणून वरच्या थरात किलोभर पाण्याला 36 ग्रॅमच्या आसपास मीठ. बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रेचा लोंढा. उत्तरेला पावसाळ्यानंतर हे प्रमाण 30 च्याही खाली येतं. (कासारीचा वाटा त्यात थेंबाएवढाच, उगाच फुशारकी नको.) हलकं गोडसर पाणी वर तरंगतं, खालच्या थंड पाण्यात सहज मिसळत नाही, आणि उपसागराचा पृष्ठभाग 28 अंशांच्या वर उबदार राहतो. तिथेच कमी दाबाचे पट्टे जन्मतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शेणॉय, शंकर आणि सतीश शेट्ये यांनी 2002 साली या दोन समुद्रांच्या उष्णतेचा ताळेबंद मांडला, तो मोसमी पावसाशी जोडूनच.

असा ताळेबंद मांडायला आधी जहाजावर जमवलेले आकडे लागतात. दोना पावलाच्या या संस्थेची स्थापना 1966 ची. 1976 पासून काही वर्षं ‘गवेषणी’, 1983 साली जर्मनीत बांधलेली ‘सागरकन्या’ आणि 2014 पासून ‘सिंधु साधना’ ही आपल्या समुद्रसंशोधनाची मुख्य जहाजं.

जहाज थांबतं. तारेला टांगलेली गोल चौकट खाली सोडतात. तिच्यावर क्षारता, तापमान आणि खोली मोजणारं यंत्र आणि भोवती उभ्या बाटल्या. दोन्ही तोंडं उघडी ठेवून त्या खाली जातात. वर येताना ठरलेल्या खोलीला एकेक मिटते. चौकट डेकवर आली की नळीशी रांग लागते. ऑक्सिजनवाल्याचा नंबर आधी, कारण हवा लागली की नमुना बिघडला. मिठाचा नमुना शेवटी, पण बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून. यंत्राने काहीही सांगितलं तरी प्रयोगशाळेत त्या नमुन्याची विद्युतवाहकता प्रमाणित समुद्रपाण्याशी ताडून पाहतात. यंत्रावर डोळे झाकून विश्वास ठेवत नाहीत, हेच मला या साऱ्या खटाटोपात सगळ्यात आवडतं.

ऑक्सिजनची रीत 1888 सालची, हंगेरीच्या विंकलर यांची. काचेच्या बाटलीत नळी तळापर्यंत नेऊन पाणी भरायचं, दोन-तीन बाटल्यांएवढं वाहू द्यायचं, बुडबुडा राहिला नाही ना ते बघायचं. मग मँगनीजचं द्रावण आणि आयोडाइड मिसळलेला अल्क घालून बूच लावायचं. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो. अरबी समुद्राच्या मध्य-उत्तर भागात साधारण 150 ते 1000 मीटर खोलीवर ऑक्सिजन जवळजवळ नसतोच. तिथला साका पांढराच राहतो. हा रंगच पहारेकरी. त्या खोलीची म्हणून आलेली बाटली तपकिरी निघाली, तर ती गळाली असेल, भलत्याच खोलीला मिटली असेल किंवा आत हवा गेली असेल.

मग त्या आकड्याचं काय करायचं? तो खोडत नाहीत. शेजारच्या रकान्यात खूण करतात: 2 म्हणजे चांगला, 3 म्हणजे शंकास्पद, 4 म्हणजे वाईट. आकडा जागेवर राहतो आणि त्याच्याबद्दलची शंकाही.

पन्हाळ्याच्या परिसरात एखाद्या शाळेत मुलं पावसाची वही ठेवत असतील, तर त्यांनी हा रकाना जरूर आखावा. वाऱ्याने पर्जन्यमापक कलंडलं त्या दिवशी आकडा आहे तसा लिहावा आणि पुढे 4.