पवित्र भूमीची हवाई वाट

पवित्र भूमीच्या यात्रेस निघणारे भाविक नकाशा पाहून वेळेचा अंदाज बांधतात. मुंबई ते तेल अवीव हे सरळ हवाई अंतर सुमारे ४,०६० किलोमीटर, म्हणजे जेमतेम पाच तासांचे. परंतु सीमा आकाशालाही असतात! सौदी अरेबियाचे आकाश इस्रायलला जाणाऱ्या विमानांना अनेक दशके बंद होते. त्यामुळे एल अल कंपनीचे मुंबईचे विमान अरबस्तानाला वळसा घालून तांबड्या समुद्रावरून जात असे. २२ मार्च २०१८ रोजी एअर इंडियाचे विमान दिल्लीहून प्रथमच सौदी प्रदेशावरून तेल अवीवला गेले आणि सुमारे दोन तासांचा वळसा टळला. इस्रायली विमानांना सौदी आकाश जुलै २०२२ मध्ये खुले झाले, तरी पूर्वेकडे येण्यास ओमानची अनुमती हवी होती. ती फेब्रुवारी २०२३ मध्ये मिळाली. तेथील घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, उन्हाळ्यात अडीच.