ऑफ-रोड वाहनाचे पुढचे सस्पेन्शन लीफ स्प्रिंगवर नेताना

१. प्रस्तावना

१९४० च्या दशकात मुंबईच्या माझगावात आजच्या महिंद्र अँड महिंद्र कंपनीने विलिस जीपची जुळणी सुरू केली. त्या जीपला पुढे आणि मागे अखंड ॲक्सल व लीफ स्प्रिंग होत्या. एमएम ५४० आणि मारुती जिप्सी याच पद्धतीच्या. २०१० साली आलेल्या थारमध्ये मागे लीफ स्प्रिंग राहिली, पण पुढे टॉर्शन बारचे स्वतंत्र सस्पेन्शन आले. खडकाळ वाटेवर गाडी नेणारे काही जण अशा गाडीचा पुढचा भाग पुन्हा अखंड ॲक्सल आणि लीफ स्प्रिंगवर नेतात.

हा बदल म्हणजे एक स्प्रिंग काढून दुसरी बसवणे नव्हे. टॉर्शन बार फक्त भार झेलतो. चाकाला जागेवर धरण्याचे काम विशबोन करतात. लीफ स्प्रिंग, म्हणजे गॅरेजच्या भाषेत पाटा, ही दोन्ही कामे एकटी करते. त्यामुळे तिची लांबी, कोन आणि टोकांच्या जागा यांवर स्टिअरिंगचे वागणे ठरते. या टिपणात आपण याच दृष्टीने हा बदल अभ्यासू.

२. फायदा काय, तोटा काय

स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये डिफरन्शियल चासीला जोडलेला असतो. खड्ड्यात चासी खाली दबली की डिफरन्शियलही जमिनीजवळ येतो. अखंड ॲक्सलमध्ये त्याची जमिनीपासूनची उंची मुख्यतः टायरच्या त्रिज्येवर ठरते. शिवाय एक चाक दगडावर चढले की ॲक्सल तिरका होतो आणि दुसरे चाक जमिनीवर टेकून राहायला मदत होते.

तोटा असा, की डिफरन्शियल, ॲक्सलची नळी आणि हब हे सगळे वजन आता चाकांबरोबर वरखाली होते. स्प्रिंगखालचे हे वजन वाढले की खडबडीत डांबरी रस्त्यावर वेगात चाकाची पकड कमी होते.

३. स्प्रिंगचे गणित

अर्धलंबवर्तुळाकार लीफ स्प्रिंगसाठी पुढील सूत्रे वापरू. ल = दोन्ही डोळ्यांमधील अंतर, ब = पाट्याची रुंदी, ज = एका पाट्याची जाडी, न = पाट्यांची संख्या, इ = प्रत्यास्थता गुणांक, भ = भार.

ताठरता = (८ × इ × न × ब × ज³) ÷ (३ × ल³)
प्रतिबल = (३ × भ × ल) ÷ (२ × न × ब × ज²)

उदाहरण: पुढच्या प्रत्येक चाकावर स्प्रिंगवरचे वस्तुमान ४०० किलो, म्हणजे भार ३९२४ न्यूटन. ल = १००० मिमी, ब = ५० मिमी, ज = ६ मिमी, इ = २,००,००० न्यूटन प्रति चौ. मिमी.

न = ५ असल्यास ताठरता २८.८ न्यूटन प्रति मिमी, स्थिर झुकाव १३६ मिमी, नैसर्गिक वारंवारता १.३५ हर्ट्झ आणि प्रतिबल ६५४ मेगापास्कल.
न = ७ असल्यास ताठरता ४०.३ न्यूटन प्रति मिमी, झुकाव ९७ मिमी, वारंवारता १.६ हर्ट्झ आणि प्रतिबल ४६७ मेगापास्कल.

पाच पाट्यांची स्प्रिंग मऊ आहे. पण चाक आणखी ८० मिमी वर गेले तर तिच्यातील प्रतिबल सुमारे १०४० मेगापास्कल होते. सात पाट्यांत ते सुमारे ८५० राहते. आता दोन्ही सूत्रांतून भ काढून टाका:

प्रतिबल = (४ × इ × ज × झुकाव) ÷ ल²

यात न आणि ब नाहीत. म्हणजे ठरावीक झुकावाला किती प्रतिबल येईल हे फक्त जाडी आणि लांबी ठरवतात. म्हणून चाकाला जास्त हालचाल हवी असेल तर लांब आणि पातळ पाटे घ्यावे लागतात. उंची वाढवण्यासाठी एखादा जाड पाटा घुसवणे हा उपाय नाही. ताठरता जाडीच्या घनाप्रमाणे वाढते, आणि तेवढ्याच झुकावाला त्या पाट्यात प्रतिबलही जास्त येते.

४. शॅकलची जागा आणि कॅस्टर

स्प्रिंग सपाट होताना तिची लांबी वाढते. म्हणून एक डोळा चासीला स्थिर आणि दुसरा शॅकलवर झुलता ठेवतात. शॅकल पुढे असेल तर उंचवट्यावर ॲक्सल पुढे, म्हणजे अडथळ्याकडेच सरकतो आणि धक्का जोरात बसतो. शॅकल मागे असेल तर ॲक्सल मागे सरकतो, चाल सौम्य होते. मात्र प्रोपेलर शाफ्टच्या सरकत्या सांध्यात तेवढी जागा शिल्लक हवी.

लांब शॅकल लावून गाडी उंच करण्याची सवय सर्रास दिसते. शॅकल पुढे असून ती ५० मिमी लांब केली, तर १००० मिमी लांबीच्या स्प्रिंगचा कोन ५० ÷ १००० रेडियन, म्हणजे सुमारे २.९ अंशांनी बदलतो आणि कॅस्टर जवळपास तेवढाच घटतो. कॅस्टर कमी झाला की वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही आणि गाडी भरकटते. स्प्रिंग आणि ॲक्सलच्या मध्ये पाचर घालून कोन दुरुस्त करता येतो, पण मग पिनियनचा कोन पुन्हा तपासावा लागतो.

५. स्टिअरिंग: सर्वांत धोक्याची जागा

चासीवरचा रॅक आणि त्याचे दोन छोटे टाय रॉड अखंड ॲक्सलशी जुळत नाहीत. त्याऐवजी चासीवर स्टिअरिंग बॉक्स, तिथून ॲक्सलपर्यंत ड्रॅग लिंक आणि दोन्ही चाकांना जोडणारा एक लांब टाय रॉड लागतो.

समजा आडवी ड्रॅग लिंक ६०० मिमी लांब आहे आणि गाडी उंच केल्यामुळे ती १० अंश तिरकी झाली आहे. ॲक्सल ५० मिमी वर गेला की तिचे ॲक्सलकडचे टोक ६.७ मिमी बाजूला सरकते. स्टिअरिंग आर्म १५० मिमी असेल तर चालकाने काहीही न करता चाके सुमारे २.५ अंश वळतात. तीच लिंक सुरुवातीला आडवी असती तर सरकणे २.१ मिमी आणि वळणे ०.८ अंश. याला बंप स्टिअर म्हणतात.

मैसूरजवळच्या वरुणा परिसरात कालव्याकडेची मातीची वाट आहे आणि टी. नरसीपूरकडे जाणारा डांबरी रस्ताही. मातीवर ताशी १५ किमीने जाताना अडीच अंश जाणवणारही नाहीत. डांबरी रस्त्यावर ताशी ७० किमीने गतिरोधक लागला तर तेवढ्यात गाडी समोरच्या वाहनाच्या मार्गात जाऊ शकते. म्हणून नुसती मातीवरची चाचणी पुरेशी नाही.

६. चासी आणि जोडणी

स्वतंत्र सस्पेन्शनचा भार चासीच्या मधल्या आडव्या भागावर येतो. लीफ स्प्रिंगचा भार डोळ्यांच्या ब्रॅकेटमधून, ॲक्सलच्या पुढच्या आणि मागच्या बिंदूंवर येतो. चासीचे पुढचे टोक त्यासाठी बनलेले नसते. तिथे आतून-बाहेरून पट्ट्या देऊन मजबुती करावी. ब्रेक दाबताना ॲक्सल फिरू पाहतो आणि पाटा इंग्रजी ‘एस’सारखा वाकतो, स्प्रिंग ॲक्सलच्या वर बसवली तर हे वाकणे वाढते. मुख्य पाट्याचा डोळा तुटला तर ॲक्सल जागा सोडतो. म्हणून दुसरा पाटा त्या डोळ्याभोवती गुंडाळलेला असावा.

तपासणी यादी:
• चाक पूर्ण खाली लटकवून ब्रेकचा होज ताणला जात नाही ना
• शॉक ॲब्सॉर्बर संपण्याआधी बंप स्टॉप लागतो ना
• पूर्ण वळवलेले टायर स्प्रिंगला घासत नाहीत ना
• थोडे अंतर चालवल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळले का

७. कायदा

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा काटेकोर अर्थ लावला. महाविद्यालयीन प्रकल्पाची गाडी बंदिस्त मैदानातच चालवावी.

८. सारांश

लीफ स्प्रिंग भारही झेलते आणि ॲक्सललाही धरते. म्हणून आधी भूमिती, मग ताठरता, आणि उंची सर्वांत शेवटी ठरवावी.

स्वाध्याय

१. वरील उदाहरणात ज = ८ मिमी, न = २ घेऊन ताठरता आणि स्थिर प्रतिबल काढा. पाच पाट्यांच्या स्प्रिंगशी तुलना करा.
२. ड्रॅग लिंक ८०० मिमी केल्यास बंप स्टिअर किती कमी होईल?
३. शॅकल मागे असताना ती लांब केली तर कॅस्टर वाढेल की घटेल? आकृतीसह स्पष्ट करा.