टाऊन हॉलच्या पायऱ्या

गेल्या सहामाहींत वरच्या इयत्तेंतील विद्यार्थ्यांस घेऊन आम्ही मुंबईच्या कोट विभागांत गेलों होतों. हॉर्निमन सर्कलच्या बागेंत विसाव्यास बसलों असतां एकानें समोरच्या पांढऱ्या इमारतीकडे बोट दाखवून विचारलें, "सर, तें कोर्ट आहे काय?" दुसरा म्हणाला, "माझे वडील रोज येथूनच जातात. आंत कोणास सोडत नाहींत म्हणे." हें दुसरें वाक्य आमच्या मनास लागलें, आणि हा लेख लिहिण्याचें कारणही तेंच.

ती इमारत म्हणजे टाऊन हॉल. सर जेम्स मॅकिंटॉश ह्यांनीं १८०४ सालीं मुंबईंत एक विद्वत्सभा स्थापिली होती. तिच्या ग्रंथांस जागा हवी होती, व शहरासही एक मोठें सभागृह हवें होतें. १८११ च्या सुमारास तसा विचार निघाला. पैसे उभारण्यासाठीं सोडती काढल्या. परंतु तेवढ्यानें भागेना. अखेर उरलेला भार सरकारनें उचलला आणि मोबदल्यांत कचेऱ्यांसाठीं कांहीं जागा मागून घेतली. म्हणजे पुरी होण्यापूर्वींच ह्या वास्तूस दोन धनी व दोन कामें लाभलीं! नकाशा कर्नल टॉमस काऊपर ह्यांचा. काम पुरें झालें १८३३ सालीं. दर्शनी भाग प्राचीन ग्रीक देवालयासारखा, आठ भारदस्त खांबांचा. त्याच्यापुढें रुंद पायऱ्या.

त्या पायऱ्यांवर कोणीं चढावें, हा ह्या वास्तूच्या इतिहासांतील खरा प्रश्न आहे. वरील विद्वत्सभा हीच पुढें एशियाटिक सोसायटी म्हणून प्रसिद्धीस आली. ती हिंदुस्थानच्या भाषा, नाणीं व शिलालेख ह्यांचा अभ्यास करी. पण १८४० सालीं माणेकजी कर्सेटजी ह्यांस प्रवेश मिळेपर्यंत तिचा एकही सभासद हिंदी नव्हता. ज्यांच्या विद्येची चर्चा व्हावयाची, ते मात्र दाराबाहेर! १ नोव्हेंबर १८५८ रोजीं राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा ह्याच पायऱ्यांवरून वाचला गेला, तेव्हांही वाचणारे वर होते आणि ऐकणारी मुंबई खालीं उभी होती.

पालट झाला तो विद्यार्थ्यांच्या पावलांनीं, असें आम्हांस वाटतें. १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें. त्यास स्वतःचें घर नव्हतें. कचेरी थाटली ती टाऊन हॉलांत, आणि पदवीदानाचे आरंभींचे समारंभही तेथेंच झाले. विद्यापीठाच्या १८५९ च्या पहिल्या प्रवेशपरीक्षेंत उतरलेल्यांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. पुढें ह्याच भांडारकरांचे संशोधनपर निबंध एशियाटिकच्या सभांतून वाचले जाऊं लागले. डॉ. भाऊ दाजी आणि न्यायमूर्ति काशीनाथ त्र्यंबक तेलंग ह्यांचेंही तसेंच. नाना शंकरशेट ह्यांचा संगमरवरी पुतळा आज आंत विराजमान आहे.

मधल्या काळांत ह्या वास्तूनें आणखी पाहुणे सांभाळले. १८५७ च्या धामधुमीनंतर सरकारी संग्रहालयांतील वस्तु कांहीं काळ येथें ठेवल्या होत्या. १८७२ सालीं भायखळ्यास संग्रहालयाची नवी इमारत खुली झाली. समोरचें मैदानही तसेंच बदलत गेलें. पूर्वीं तेथें कापसाच्या गासड्यांचे ढीग पडत. १८७२ पर्यंत त्याचें गोल बागेंत रूपांतर होऊन भोंवतीं कमानदार इमारती उभ्या राहिल्या व तें एल्फिन्स्टन सर्कल झालें. स्वातंत्र्यानंतर एका गव्हर्नराचें नांव जाऊन बेंजामिन हॉर्निमन ह्या संपादकाचें आलें. हिंदुस्थानची बाजू मांडल्याबद्दल १९१९ सालीं सरकारनें ह्याच गृहस्थास हद्दपार केलें होतें.

आज वास्तूंत एशियाटिक सोसायटी आहे आणि राज्याचें मध्यवर्ती ग्रंथालयही आहे. १९५४ च्या कायद्यान्वयें देशांत छापलेल्या पुस्तकाची प्रत ज्या मोजक्या ग्रंथालयांस पाठवावी लागते, त्यांत मुंबईचें हें एक आहे. सोसायटीच्या संग्रहांत इटालियन कवि दान्ते ह्याच्या महाकाव्याची जुनी हस्तलिखित प्रत आहे. १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनीं सोपाऱ्याच्या स्तूपांतून काढलेले अवशेषही तेथेंच जपले आहेत. नालासोपाऱ्याहून आगगाडीनें येणाऱ्या आमच्या मुलांपैकीं एकासही हें ठाऊक नव्हतें. त्यांचा तरी दोष काय? आम्हीं कधीं सांगितलेंच नव्हतें.

जुन्या वास्तूचा व जुन्या कागदाचा सांभाळ खर्चाचा असतो. छत गळतें, वाळवी लागते, वर्गणी अपुरी पडते. जेथें रोज माणसें येतात तेथील गळती लवकर दिसते. बंद खोलींतील पुस्तकें मात्र गुपचूप कुजतात.

बागेंतून उठून आम्ही सर्व वर चढलों. दाराशीं बसलेल्या गृहस्थानें वही पुढें केली. "आंत कोणास सोडत नाहींत" असें म्हणणाऱ्या मुलानें प्रथम आमच्याकडे पाहिलें, मग लेखणी घेऊन आपलें पूर्ण नांव वळणदार अक्षरांत लिहिलें. वाचनकक्षांत पंखे फिरत होते. लांब टेबलांशीं कोणी वर्तमानपत्र, कोणी परीक्षेचीं पुस्तकें वाचीत होते. कोणींही मान वर केली नाहीं. परततांना मुलांनीं पायऱ्या मोजल्या. आम्हीं तीस सांगितल्या होत्या. त्यांच्या एकोणतीस भरल्या, म्हणून तीं पुनः वर गेलीं.