माणूस पाण्यात, बोट पुढे

6 नॉट वेगाची बोट मिनिटाभरात सुमारे 185 मीटर पुढे जाते. तेवढ्यात लाटांमधलं डोकं दिसेनासं होतं. रात्री तर विचारूच नका. म्हणून लाइफ जॅकेटमध्येच बसणारा एआयएस बीकन निघाला, म्हणजे जवळच्या बोटींना रेडिओवरून आपली ओळख आणि जागा कळवणारं यंत्र. जॅकेट फुगलं की त्याभोवतीची पट्टी ताणली जाते, खटका सुटतो आणि गुंडाळलेली अँटेना ताडकन उभी राहते. जीपीएसने जागा हेरली की 972 ने सुरू होणारा क्रमांक ठावठिकाण्यासह आसपासच्या बोटींच्या पडद्यावर उमटतो.

खरी मेख बसवण्यात आहे. पट्टी सैल राहिली किंवा जॅकेटची घडी चुकली, तर महागडं यंत्र गप्पच. अँटेना पाण्यापासून जेमतेम वीतभर वर, त्यामुळे पल्ला काही सागरी मैलांचाच. शिवाय काही जुने प्लॉटर, म्हणजे बोटीवरचे नकाशाचे पडदे, हा संदेश नुसता ठिपका म्हणून दाखवतात, भोंगा वाजवत नाहीत. बंदर सोडण्याआधीच माहितीपुस्तिका उघडावी, हे बरं.

406 मेगाहर्ट्झचा बीकन वेगळा. त्याची हाक उपग्रहामार्फत आधी जमिनीवर जाते, भारतात इस्रोच्या बंगळुरूच्या केंद्रात. बोटीवर सोबती असेल तर मी आधी एआयएस घेईन. एकट्याने जाणाऱ्याला मात्र उपग्रहाचाच आधार.